देवाला सोडलेली मुलगी आणि कायद्यातले दोन शब्द

येवला हे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्याला पैठणीपेक्षाही एका तारखेमुळे अधिक ओळखीचे असते: १३ ऑक्टोबर १९३५. हिंदू म्हणून जन्माला आलो हे माझ्या हाती नव्हते, परंतु हिंदू म्हणून मरणार नाही, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच गावी जाहीर केले. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी १९३० पासून चाललेला सत्याग्रह येथेच थांबवण्यात आला. परिषदेची जागा आज मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते. या परिषदेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून ते सारे येथे पुन्हा सांगत नाही. आजचा धागा त्या घोषणेच्या एका कमी परिचित पडसादापासून सुरू होतो आणि तेथून मागे, कोर्टाच्या दप्तरात जातो. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

घोषणेनंतर आठ महिन्यांनी, १६ जून १९३६ रोजी, मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये एक सभा भरली. धर्मांतराला पाठिंबा देणाऱ्या सभा त्या वर्षी ठिकठिकाणी होत होत्या. या सभेचे वेगळेपण श्रोत्यांत होते. समोर देवदासी, मुरळ्या, जोगतिणी, पोतराज, आराधी बसले होते. देवाच्या नावाने ज्यांचे आयुष्य बांधले गेले होते, ती माणसे देव सोडण्याच्या विचाराला पाठिंबा द्यायला आली होती. बाबासाहेबांनी त्यांची पाठ थोपटून सभा संपवली नाही. हे जिणे आधी सोडा, असे त्यांनी बजावले. पोट कसे भरायचे ते मी सांगणार नाही, त्याचे शेकडो मार्ग आहेत, पण ही अवनत अवस्था तुम्ही टाकलीच पाहिजे, असा त्या भाषणाचा आशय होता.

हे भाषण प्रथम वाचले तेव्हा ते मला कठोर वाटले. त्या सभेतील बहुतेक स्त्रियांनी ते जिणे निवडलेलेच नव्हते. मुरळी बहुधा वयात येण्याआधी देवाला वाहिली जाई, कधी कधी तर ती पाळण्यात असतानाच नवस बोलला जाई. निर्णय घेणारे होते तिचे आईबाप. मग प्रश्न उरतो तो असा: आईबापांना तसा हक्क होता का? इंग्रजी राज्यात फौजदारी कायदा होता, उच्च न्यायालय होते, पोलीस होते. आपल्या पोटच्या मुलीला आईबाप अशा जिण्याला लावतात, तेव्हा कायदा त्या दोघांच्या मध्ये कधी आणि कसा आला?

आधी प्रथेविषयी थोडे सांगतो. येवल्याहून मनमाडमार्गे मालेगावकडे गेले की मालेगावजवळ चंदनपुरी लागते. खंडोबाची दुसरी पत्नी बाणाई, धनगराची लेक, हिचे हे गाव. जेजुरीइतका चंदनपुरीचा लौकिक नसला, तरी उत्तर महाराष्ट्रातील भक्तांच्या लेखी ते मोठे ठिकाण आहे. मूल होत नाही, झालेले जगत नाही, घरात आजारपण हटत नाही, अशा वेळी खंडोबाला नवस बोलला जाई: होणारे मूल तुला वाहीन. मुलगा झाला तर तो वाघ्या, मुलगी झाली तर मुरळी. देवाशी तिचे लग्न लागे, भंडारा उधळला जाई, गळ्यात कवड्यांची माळ पडे. त्यानंतर तिचे दुसरे लग्न होणे नव्हते, कारण नवरा जिवंत होता आणि तो कधी मरणार नव्हता. जागरणात गाणे-नाचणे आणि वारी मागणे ही तिची उपजीविका. वयात आल्यावर गावातला किंवा वारीच्या वाटेवरचा कोण तिच्यावर हक्क सांगेल, हे सर्वांना ठाऊक असे आणि कुणी बोलत नसे.

एक खुलासा येथेच करून ठेवतो. आज जागरण-गोंधळाच्या कार्यक्रमांत जी कलावंत स्त्री मुरळीची भूमिका करते, ती देवाला वाहिलेली असते असे मुळीच नाही. ती लोककलावंत आहे. या धाग्यातील मुरळी म्हणजे लहानपणी सोडलेली मुलगी.

या मुली अनेक जातींतून येत. महार, मांग, धनगर, कुणबी, मराठा. त्यातल्या अस्पृश्य मानलेल्या घरांची अवस्था विशेष चमत्कारिक होती. काळारामाच्या दारात ज्या समाजाला पाच वर्षे उभे राहूनही प्रवेश मिळाला नाही, त्याच समाजातली मुलगी दुसऱ्या देवाची बायको होऊ शकत होती. येवल्याची घोषणा आणि दामोदर हॉलची सभा यांना जोडणारा दुवा मला येथे दिसतो.

आता कायदा. भारतीय दंड संहिता १८६० साली मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिच्यात मुलांच्या संरक्षणाची कलमे होती. ती वाचताना असे वाटते की मुरळीसाठी एकापाठोपाठ एक तीन जाळी टाकली आहेत.

पहिले जाळे अपहरणाचे, कलम ३६१. अज्ञान मुलाला कायदेशीर पालकाच्या ताब्यातून पालकाच्या संमतीवाचून नेणे हा गुन्हा. पण येथे नेणारा आणि पालक एकच. बापानेच मुलगी दिली तर संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. हे कलम मुळात पालकाचा हक्क राखण्यासाठी लिहिलेले होते, आणि त्या हक्कापासून मुलीचे रक्षण करणे त्याच्या आवाक्याबाहेर होते.

दुसरे जाळे टाकून देण्याचे, कलम ३१७. बारा वर्षांखालील मुलाला आईने किंवा बापाने सोडून देण्याच्या हेतूने उघड्यावर टाकले, तर सात वर्षांपर्यंत कैद. आपण मराठीत ‘देवाला सोडली’ म्हणतो खरे, पण कायद्याच्या अर्थाने तिला कोणी सोडलेले नव्हते. ती घरीच असे. आई तिला जेवू घाली, कित्येकदा पुढे तीच आईबापांना पोसत असे. निराधार मूल म्हणून कायद्याच्या डोळ्यांना ती दिसणे शक्य नव्हते.

तिसरे जाळे मात्र नेमके होते. कलम ३७२: सोळा वर्षांखालील अज्ञान व्यक्तीला वेश्याव्यवसायासाठी किंवा बेकायदेशीर व अनैतिक कारणासाठी वापरले जावे या हेतूने, अथवा तसे होण्याचा संभव आहे हे माहीत असताना, विकणे, भाड्याने देणे किंवा अन्य प्रकारे स्वाधीन करणे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. त्याच्या जोडीचे कलम ३७३ असे ताब्यात घेणाऱ्याला लागू होते. या कलमात ‘पालक सोडून इतर कोणी’ असे कोठेही म्हटलेले नाही. म्हणजे आई आणि बाप हेही आरोपी होऊ शकत होते.

ते झालेही. १८६९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एक खटला आला. कायद्याच्या पुस्तकांत तो जैली भाविणीच्या नावाने ओळखला जातो. भावीण म्हणजे कोकण-गोव्याकडील देवळांत सेवेला असलेली स्त्री. तिचीही परंपरा मुलीकडून मुलीकडे जाणारी. अज्ञान मुलीला भावीण म्हणून देवळाला वाहणे हे कलम ३७२ खाली येते, असा अर्थ न्यायालयाने लावला. विधी धार्मिक आहे, रूढी जुनी आहे, ही गोष्ट गुन्हा पुसून टाकत नाही, हा या निर्णयाचा गाभा. इंग्रज सरकारने १८५७ नंतर धर्माच्या बाबतीत हात आखडता घेतला होता, व्हिक्टोरिया राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यात तसे वचन होते. त्यानंतर जेमतेम दशकभराने आलेला हा निर्णय म्हणून लक्षणीय आहे.

अकरा वर्षांनी दिवाणी बाजूने दुसरा धक्का बसला. मथुरा नायकीण विरुद्ध एसू नायकीण, १८८०. नायकिणी मुली दत्तक घेत आणि व्यवसाय व मालमत्ता त्यांच्याकडे जाई. अशा दत्तकाला न्यायालय मान्यता देईल का, हा प्रश्न होता. न्यायमूर्ती रेमंड वेस्ट यांनी लांबलचक निकालपत्र लिहून नकार दिला. जी रूढी मुलीला या व्यवसायात ओढण्याचे साधन होते, तिला कायदा हक्क म्हणून मान्यता देणार नाही, ही त्यामागची भूमिका. मुंबईच्या न्यायालयाने नायकिणीच्या बाबतीत पालकत्वाच्या हक्काचा पाया असा एका बाजूने काढून घेतला.

एवढे असूनही मुरळ्या होतच राहिल्या. कायदा होता, निर्णय होते, शिक्षा दहा वर्षांची होती. मग अडले कोठे?

पहिली अडचण पुराव्याची. भावीण किंवा नायकीण हिच्या घरची मुलगी कोणत्या जिण्यात जाणार हे घरावरूनच दिसत होते. मुरळीचे तसे नव्हते. तिचे आईबाप शेतकरी, मजूर, गावकामगार. त्यांनी नवस फेडला होता. मुलगी जगावी म्हणूनच तर तिला देवाला वाहिली, हा त्यांचा बचाव खोटा म्हणता येत नव्हता. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, पुढे १८९६ पासूनचा प्लेग आणि दुष्काळ यांनी होरपळलेल्या मुलखात नवस म्हणजे घाबरलेल्या माणसाने जिवावर उदार होऊन केलेला करार असे. कलम ३७२ हेतू किंवा जाणीव मागत होते. बापाच्या मनात काय होते हे सरकारी वकिलाने सिद्ध करायचे; आणि साक्षीदार कोण, तर नातेवाईक, पुजारी व गावकरी.

दुसरी अडचण अधिक अवघड होती, आणि तिचा उल्लेख जुन्या सुधारकी लेखनात क्वचितच सापडतो. ज्या काळात बापाला आठ वर्षांच्या मुलीचे चाळिशीच्या बिजवराशी लग्न लावण्याचा पूर्ण अधिकार होता, त्या काळात देवाशी लावलेले लग्न तेवढे गुन्हा कसे? संमतिवयाचा कायदा १८९१ साली झाला, तेव्हा दहाचे वय बारावर आले, आणि त्यावरून केवढे रण माजले ते आपण जाणतो. रखमाबाईंचा खटला त्याआधीचा, १८८४ ते १८८८ चा. अकराव्या वर्षी लावून दिलेले लग्न मला मान्य नाही असे म्हणणाऱ्या त्या तरुणीला अखेर तुरुंगात जाण्याची तयारी दाखवावी लागली. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा १९२९ चा, अंमल १ एप्रिल १९३० पासून. तोवर मुलीचे दान करणे हा बापाचा हक्कच काय, धर्म होता. मुरळीच्या बापाने कोर्टात विचारले असते की शेजाऱ्याने केलेले कन्यादान पुण्य आणि माझे मात्र पाप कसे, तर त्या काळच्या कायद्याला सरळ उत्तर देता आले नसते.

तिसरी अडचण निव्वळ भाषेची, आणि या धाग्याचे शीर्षक तिच्यावरून आहे. मूळ कलमाचे शब्द पाहा. सोळा वर्षांखालील ‘अज्ञान’ व्यक्तीला ‘अशी अज्ञान व्यक्ती’ वापरली जावी या हेतूने स्वाधीन करणे. काटेकोर वाचले तर अर्थ असा निघतो की वापर अज्ञान वयातच व्हावा असा हेतू हवा. आरोपीच्या वकिलाने म्हणावे: मुलगी आज सात वर्षांची आहे, ती सोळाची होईपर्यंत घरीच राहील, पुढे मोठी झाल्यावर ती काय करील याची जबाबदारी आईबापांवर कशी? सातव्या वर्षी केलेल्या विधीचे फळ सतराव्या वर्षी मिळते आणि या दहा वर्षांच्या अंतरातून गुन्हा निसटतो. अन्याय लहानपणी घडलेला, पण त्याचा परिणाम दिसेपर्यंत पीडित व्यक्ती ‘अज्ञान’ उरलेलीच नसते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुधारक मंडळी या विषयाकडे वळली. डॉ. रा. गो. भांडारकर, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे ही नावे आपल्याला माहीत असतात. शिंदे यांनी १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू केले आणि मुरळीची प्रथा हा त्यांच्या कामाचा एक भाग राहिला. माझ्या मते मात्र या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे काम पुण्यातल्या एका माणसाने केले, आणि त्याचे नाव पाठ्यपुस्तकात एका ओळीपलीकडे जात नाही. शिवराम जानबा कांबळे. महारांना लष्करात व पोलिसांत पुन्हा घ्यावे म्हणून सरकारकडे अर्ज करणारे, पुढे १९२९ च्या पर्वती सत्याग्रहात पुढाकार घेणारे. १९०८ साली त्यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढले.

या मासिकातून त्यांनी मुरळी सोडण्याविरुद्ध आपल्याच समाजाला सतत सुनावले. सरकारने काय करावे हे सांगण्यापेक्षा आईबापांनी काय करू नये हे सांगण्यावर त्यांचा भर होता. पण त्यांची खरी कामगिरी वेगळी. त्यांनी मुरळ्यांना बोलू दिले. शिवूबाई नावाच्या एका मुरळीचे पत्र त्यांनी छापले. लहानपणी आपल्याला देवाला कसे वाहिले गेले आणि त्यापुढचे जिणे कसे आहे, हे ती स्वतःच्या नावाने लिहीत होती. दंड संहितेतल्या कलमात मुरळी ही ‘स्वाधीन केलेली व्यक्ती’ होती. जैली भाविणीच्या खटल्यातही वाद आरोपीच्या हेतूचा होता, मुलीच्या मनाचा नव्हता. शिवूबाईच्या पत्राने पहिल्यांदा तिसऱ्या पक्षाची बाजू कागदावर आली.

आणि पत्रावरच हे थांबले नाही. १९०९ च्या सुमारास शिवूबाईचे लग्न झाले. नवरदेव गणपतराव हनुमंतराव गायकवाड, कांबळे यांच्या चळवळीतलेच. देवाची बायको पुन्हा लग्न करते, समाजाची माणसे त्या लग्नाला उभी राहतात. त्या वेळी या लग्नाला विशेष आधार देणारा कोणताही कायदा मुंबई इलाख्यात नव्हता. तसा कायदा यायला आणखी पंचवीस वर्षे लागली.

इतिहासाच्या वर्गात आपण ‘सुधारणा आधी की कायदा आधी’ असा वाद पुष्कळ घालतो. येथे क्रम स्पष्ट आहे. लग्न आधी, कायदा मागाहून.

कोल्हापूरने मात्र वाट पाहिली नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९२० साली आपल्या संस्थानात जोगतिणी-मुरळ्या सोडण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. ब्रिटिश मुंबई इलाख्यात १९२४ साल उजाडावे लागले, आणि या एका वर्षी दोन गोष्टी घडल्या.

पहिली: दंड संहितेत दुरुस्ती झाली, १९२४ चा १८ वा अधिनियम. कलम ३७२ मधले वय सोळावरून अठरावर गेले. हे सर्वांना दिसते. न दिसणारा बदल त्याहून मोठा आहे. वाक्यरचना बदलून त्यात दोन शब्द घातले गेले: ‘कोणत्याही वयात’. अठरा वर्षांखालील व्यक्तीला, ती ‘कोणत्याही वयात’ वेश्याव्यवसायासाठी वापरली जावी या हेतूने, किंवा तसे होण्याचा संभव आहे हे माहीत असताना, स्वाधीन केले तर गुन्हा पुरा. सातव्या वर्षीचा विधी आणि सतराव्या, पंचविसाव्या वर्षीचे जिणे यांना या दोन शब्दांनी एकाच वाक्यात आणले. मघाशी सांगितलेली पळवाट बुजली. शिवाय एक स्पष्टीकरण जोडले गेले: अठरा वर्षांखालील मुलगी वेश्येच्या किंवा कुंटणखाना चालवणाऱ्याच्या स्वाधीन केली, तर हेतू तोच होता असे गृहीत धरले जाईल, तसे नव्हते हे आरोपीने दाखवायचे. बापाच्या मनात शिरून हेतू शोधण्याचे ओझे सरकारी वकिलावरून काही प्रमाणात उतरले. मुरळीला या स्पष्टीकरणाचा उपयोग कमी, कारण तिला देवाच्या स्वाधीन केलेले असे. पण ‘कोणत्याही वयात’ हे शब्द तिलाही लागू होते.

दुसरी: त्याच वर्षी मुंबईचा बाल अधिनियम आला. मद्रासचा १९२० चा, बंगालचा १९२२ चा, मुंबईचा १९२४ चा. मुळे इंग्लंडमधली. तेथे १८८९ साली पहिल्यांदा मुलांवरील क्रूरतेविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला आणि आईबापांच्या हातून मूल काढून घेण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. जनावरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा त्या देशात १८२२ पासून होता, म्हणजे मुलांची पाळी सदुसष्ट वर्षांनी आली. मुंबईच्या अधिनियमानेही आजवर नसलेली गोष्ट आणली. निराधार, दुर्लक्षित किंवा वाईट संगतीत सापडलेल्या मुलाला त्याने काही गुन्हा केलेला नसतानाही कोर्टापुढे आणावे, आणि घर योग्य नसेल तर त्याला प्रमाणित शाळेत किंवा योग्य व्यक्तीच्या हवाली करावे.

या दोन कायद्यांतला फरक लक्षात घ्यावा. दंड संहिता विचारते: आईबापांनी गुन्हा केला का? बाल अधिनियम विचारतो: या मुलीला आता ठेवायचे कोठे? १८६९ मध्ये पहिला प्रश्न विचारला गेला, दुसरा विचारण्याची सोयच नव्हती. आईला शिक्षा झाली तर मुलगी जायची कोठे? बहुधा त्याच घरात, मावशीकडे किंवा आजीकडे, गळ्यात तीच माळ घेऊन. आईबापांना तुरुंगात टाकणारा कायदा मुलीचे भले करीलच असे नाही, हे समजायला साठ वर्षे लागली. तेही मुख्यतः मुंबई शहरापुरते. जिल्ह्यांत बालन्यायालये कोठून असणार?

१९३४ साली, येवल्याच्या परिषदेच्या आदल्या वर्षी, मुंबई देवदासी संरक्षण अधिनियम मंजूर झाला. देवदासी या शब्दाची व्याख्या त्यात व्यापक होती. देवता, मूर्ती, पूजेची वस्तू, देऊळ, कशालाही वाहिलेली स्त्री. म्हणून मुरळीही तिच्यात बसत होती. वाहण्याचा विधी बेकायदेशीर, मग त्या स्त्रीची संमती असो वा नसो. विधी करणारा, करू देणारा, त्यात भाग घेणारा, त्याला साहाय्य करणारा, सर्वांना शिक्षा. कैद एक वर्षापर्यंत. आणि शेवटी ती तरतूद, जी शिवूबाईच्या लग्नाला मिळाली नव्हती: देवाला वाहिलेल्या स्त्रीने केलेले लग्न कायदेशीर, तिची मुले औरस.

‘करू देणारा’ हा शब्द आईबापांसाठी आहे. हेतूचा प्रश्न येथे पूर्णपणे बाजूला पडला. नवस भीतीने बोलला, श्रद्धेने बोलला की लोभाने, कायद्याला त्याचे सोयरसुतक उरले नाही. विधी झाला का, एवढेच पाहायचे. मला हा या साऱ्या प्रवासातला सर्वांत शहाणा टप्पा वाटतो, कारण त्याने गरीब आईबापांना राक्षस ठरवल्यावाचून त्यांचा हात धरला. शिक्षाही दहा वर्षांवरून एका वर्षावर आली. काही जणांना ती नरमाई वाटेल. माझे मत उलट आहे. दहा वर्षांची शिक्षा असली की पंच साक्ष देत नाहीत आणि पोलीस गुन्हा नोंदवायला कचरतात.

पण कागदावरचा शहाणपणा आणि मुलूख या वेगळ्या गोष्टी. येवल्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. तालुक्याच्या पूर्वेला वैजापूर. त्या वेळी वैजापूर निजामाच्या राज्यात. मुंबई इलाख्याचा कायदा तालुक्याच्या शिवेवर संपत होता. पलीकडच्या गावात नात्यातले लोक, तोच खंडोबा, तेच नवस, आणि हा कायदा नाही. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले तोवर ती शीव तशीच राहिली. आणि अलीकडे, जेथे कायदा होता तेथेही, विधी देवळाच्या पायऱ्यांवरून घरात आला.

दामोदर हॉलच्या सभेकडे आता पुन्हा पाहू. १९३६ साली तेथे बसलेल्या तिशी-चाळिशीच्या स्त्रिया देवाला वाहिल्या गेल्या तो काळ साधारण १९०० ते १९१० चा. ‘कोणत्याही वयात’ हे शब्द कायद्यात येण्याआधीचा. फौजदारी कायदा त्यांच्यासाठी मागे जाऊन काही करू शकत नव्हता. त्यांचे आईबाप कदाचित वारलेही असतील. त्यांच्या उपयोगाची एकच तरतूद होती, दोन वर्षांपूर्वीची, लग्नाची. बाबासाहेब बॅरिस्टर होते, त्यांना हे ठाऊक नसेल असे मानता येत नाही. हे जिणे सोडा, असे ते जेव्हा म्हणाले तेव्हा सोडून येणाऱ्या स्त्रीला निदान लग्नाचा दरवाजा कायद्याने उघडा होता. पहिल्या वाचनात जाणवलेला कठोरपणा यामुळे सगळा ओसरत नाही, पण त्याचा अर्थ थोडा बदलतो.

स्वातंत्र्यानंतरची कथा थोडक्यात. १९४८ साली मुंबईचा बाल अधिनियम नव्याने आला. १९८६ साली देशभराचा बालन्याय अधिनियम झाला, तो २००० मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये बदलला. १९९० साली विशाल जीत खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देवदासी व जोगीण प्रथांतील मुलींविषयी केंद्र व राज्यांना निर्देश दिले. महाराष्ट्राने २००५ चा देवदासी प्रथा निर्मूलन अधिनियम केला. २०१२ चा पॉक्सो कायदा आला आणि गुन्हा माहीत असून न कळवणे हाही गुन्हा झाला. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जुने कलम ३७२ तेथे ९८ झाले आहे, आणि ‘कोणत्याही वयात’ हे दोन शब्द त्यात जसेच्या तसे आहेत. मी ते मुद्दाम उघडून पाहिले.

पालकांच्या हक्काचे काय झाले? तो नष्ट झालेला नाही. आजच्या बालन्याय कायद्यानुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल सापडले, तर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय; शक्य तोवर ते कुटुंबात परत जावे, असे कायद्याचे तत्त्व आहे. म्हणून आईबाप समितीपुढे येतात, मुलगी परत मागतात, आणि समितीला त्यांचे म्हणणे ऐकावे लागते. फक्त एक गोष्ट आता वेगळी आहे. समिती त्यांना विचारते तसेच मुलीलाही विचारते, आणि तिचे उत्तर कागदावर लिहून घेतले जाते. पुण्याच्या एका छोट्या मासिकाने ते काम १९०९ च्या सुमारास केले होते. पुढचा धागा त्या मासिकाविषयीच लिहायचा विचार आहे.